ब्राउनवर शिकलेल्या खेळाडूचा पहिला हंगाम

गोल्फमध्ये व्यावसायिक व्हायला परीक्षा द्यावी लागत नाही, याचं आमच्याकडे सगळ्यांना नवल वाटतं. ठरावीक मर्यादेवरचं बक्षीस घेतलं, पैसे घेऊन शिकवलं किंवा व्यावसायिक म्हणून स्पर्धेत उतरलं की हौशी दर्जा संपतो. २०२२ पासून लागू असलेल्या नियमांत बक्षिसाची ही मर्यादा ७०० पौंड आहे. पुन्हा हौशी व्हायचं तर अर्ज करायचा आणि वाट पाहायची. म्हणून नव्या टूरचा, म्हणजे व्यावसायिकांच्या स्पर्धांच्या मालिकेचा, अर्ज भरण्याआधी मी आईबाबांना समोर बसवून सगळं सांगितलं. आईने एवढंच विचारलं, "आन् नोकरी?" बाबा म्हणाले, "नोकरी मंग बी भेटन. खेळाचं वय मंग नाई भेटत." त्याच रात्री अर्ज गेला.

देशातली मुख्य टूर म्हणजे २००६ मध्ये सुरू झालेली पीजीटीआय, प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया. तिच्यात खेळायचं कार्ड मिळवायला क्वालिफाइंग स्कूल ही पात्रता स्पर्धा खेळावी लागते. माझ्यासारख्या मुलांपुढे प्रश्न असायचा की तिथवर पोचेपर्यंत खेळायचं कुठे. हौशी स्पर्धा मोठ्या क्लबांच्या आणि लांबच्या, खर्च सगळा स्वतःचा. आमची ही नवी टूर त्या मधल्या जागेत सुरू झाली. तीन दिवसांची, ५४ होलची स्पर्धा, ३६ होलनंतर कट, म्हणजे मागे पडलेले बाहेर, आणि बहुतेक ठिकाणं नागपूरहून रात्रीच्या गाडीने सकाळी गाठता येतील अशी. बक्षिसं लहान. पीजीटीआयच्या १ कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला १५ लाख मिळतात. आमच्याकडे वरच्या काही नंबरांत आलं तर आठवड्याचा खर्च निघतो. पण टूरवर पुढचा आठवडा असतो. एक आठवडा वाईट गेला तर पुढच्या महिन्यात पुन्हा टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागी, उभं राहता येतं. हौशी म्हणून वर्षाकाठी मोजक्या स्पर्धा खेळताना हे मला कधी मिळालं नव्हतं.

आता ब्राउनबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या हंगामाची सगळी गोष्ट त्याच्याशी बांधलेली आहे. मी गोल्फ शिकलो ते नागपूरजवळच्या लष्करी हद्दीतल्या मैदानावर. बाबा तिथे माळी होते. तिथे होलभोवती बारीक कापलेल्या गवताचं ग्रीन नव्हतं, ब्राउन होतं. वाळू बारीक चाळायची, तिच्यात इंजिनचं जळकं तेल कालवायचं, पसरायची आणि रूळ फिरवायचा. पाणी लागत नाही, कापणी लागत नाही, उन्हाळ्यात मरत नाही. देशभरातल्या छावण्यांमधली कितीतरी मैदानं अशीच चालली आहेत. पट, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलण्याचा हलका फटका, मारण्याआधी गोणपाट ओढून चेंडूपासून होलपर्यंतची वाट सारखी करायची आणि मग मारायचा. चेंडू सरळ जातो, जोर थोडा जास्त लावावा लागतो. उतार जवळपास नाही, वळण नाही. मैदानावरची आम्ही सगळी मुलं बंद डोळ्यांनी चार फुटांचा पट आत घालायचो.

या मैदानाने मला दुसरंही बरंच दिलं. विदर्भाची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती फुगते आणि चेंडू गिळते. अशा जमिनीवरून आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या काठीचा फटका, मारायचा तर आधी चेंडू आणि मग माती, याच्यात केसभर फरक चालत नाही. जाड गवतावर शिकलेल्या मुलाला थोडं मागे लागलं तरी गवत सांभाळून घेतं. आमच्याकडे मनगट झिणझिणतं. त्यामुळे माझे आयर्न पहिल्या दिवसापासून टूरवर कोणापेक्षा कमी नव्हते, हे मी अभिमानाने सांगतो.

पहिली स्पर्धा हैदराबादला होती. गोवळकोंड्याच्या जुन्या तटाला लागून ते मैदान आहे, खडकाळ आणि देखणं. पहिल्या होलवर माझा दुसरा फटका होलपासून बारा फुटांवर थांबला. तिथून तीन पट लागले. पहिला पट सहा फूट पुढे गेला, परतीचा डावीकडून निसटला. त्या दिवशी माझे ३७ पट झाले. अमेरिकेच्या पीजीए टूरवर सरासरी २९ च्या आसपास असते. टी ते ग्रीन मी सोबतच्या दोघांइतकाच खेळलो होतो. स्कोअरच्या कार्डावर त्यांचे ७१ आणि ७३ फटके, माझे ७९; जितके कमी तितके चांगले. दुसऱ्या दिवशी ७६. कटचा प्रश्नच नव्हता.

रात्री बाबांना फोन केला. ते स्कोअर विचारत नाहीत, जमीन विचारतात. "ग्रीन कसं हाय? गवत कोणचं? कापलं किती?" मी म्हटलं, बर्म्युडा आहे, त्यावर चेंडू फार जोरात पळतोय. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुले मी वाळूवर शिकवलं बाबू. गवत तुले आता शिकाच लागन."

शिकवलं ते पुण्याच्या स्पर्धेतल्या एका म्हाताऱ्या कॅडीने, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणाऱ्या सोबत्याने. टूरवर बहुतेक जण स्वतःचा कॅडी नेऊ शकत नाहीत. स्थानिक कॅडी घ्यायचा आणि रोजचे ठरलेले पैसे द्यायचे. काकांनी पहिल्या सराव फेरीत माझे दोन-तीन पट पाहिले आणि विचारलं, "सर, तुम्ही ब्राउनवाले का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी बॅग खाली ठेवली. "इकडे या. हे गवत कसं दिसतंय?" मला सगळं हिरवंच दिसत होतं. "इथनं चमकतंय बघा. म्हणजे पातं तुमच्यापासून पलीकडे झुकलंय, चेंडू पळणार. आता पलीकडे जाऊन बघा. काळपट दिसतंय ना? तिथनं मारलात तर थांबणार." मग होलच्या कडेवर बोट ठेवलं. कडेचा एक भाग तुटका, करपलेला होता. "पातं ज्या बाजूला वाढतं, त्या बाजूची कड अशी होते. आधी ही बघायची, मग उतार."

त्या आठवड्यातही कट गेला, दोन फटक्यांनी. तरी पुण्याहून परतताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण काय शिकायचं ते तरी आता कळलं आहे. काकांचे पैसे दिले तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवून "बाळा" म्हटलं, "सर" नाही.

कटबद्दल थोडं सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खेळून झालं की कार्ड देऊन तुम्ही मोकळे होता, पण दुपारची मुलं अजून मैदानात असतात. कटची रेषा त्यांच्या खेळाने खालीवर होते. वारा सुटला की ती तुमच्या बाजूने सरकते, वारा पडला की लांब जाते. तीन-चार तास तुम्ही काहीच करू शकत नाही. कोणी खोलीत झोपायला जातं, कोणी परतीच्या तिकिटाची चौकशी करून ठेवतं. मी सराव ग्रीनवर जायचो. तिथे माझ्यासारखेच पाच-सहा जण असायचे, कोणी फारसं बोलायचं नाही. त्या दुपारींत झालेल्या ओळखी मला हंगामातल्या सगळ्यांत पक्क्या वाटतात.

कार्ड देण्याची जागाही मला फार आवडायला लागली. आपला स्कोअर आपण लिहीत नाही, सोबतचा खेळाडू मार्कर म्हणून लिहितो. फेरी संपली की एकेक होल पडताळायचा आणि दोघांनी सही करायची. सहीनंतर एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी निघाला तर खेळाडू बाद. जास्त निघाला तर तो जास्तीचाच धरतात. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबेर्तो दे विचेन्सो याच्या कार्डावर सतराव्या होलला ३ ऐवजी ४ लिहिलं गेलं आणि त्याने सही केली. एका फटक्याने त्याचा बरोबरी सोडवणारा प्लेऑफ हुकला. टूरच्या पहिल्या बैठकीत रेफरींनी हे सांगितलं तेव्हा खोलीतली सगळी मुलं गप्प होती. घरच्या मैदानावर मित्रांत खेळताना दोन फुटांचा पट सोडून दिला जातो. टूरवर तो दोन फुटांचा पट मारावाच लागतो, आणि तो दुसऱ्याच्या हाताने कागदावर उतरतो. सरावात कितीही घाम गाळला तरी ही गोष्ट सरावात येत नाही. ती फक्त स्पर्धा खेळून, आणि पुन्हापुन्हा खेळून येते. म्हणून आमच्या भागातल्या मुलांना जवळची, परवडणारी टूर हवी.

परवडण्याचं गणित असं. प्रवेश शुल्क, कॅडी, खोली, जेवण, चेंडू. प्रवास रेल्वेने. नागपूरला देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा इथे मिळतो : जमशेदपूरला गीतांजली, अहमदाबादला प्रेरणा, सिकंदराबादला आणि रायपूरला जायला तर दिवसभर गाड्या. बॅग खालच्या बर्थखाली आडवी सरकवायची. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायचा क्लब, वेगळा काढून सोबत घ्यायचा, कारण कोणी पेटी ढकलली की त्याचाच दांडा आधी मोडतो. क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, १४ पर्यंत चालतात, माझ्याकडे सुरुवातीला त्याहून कमी होते आणि त्यातला एक वेज, जवळून चेंडू उंच उडवायचा क्लब, दुसऱ्याचा. सीताबर्डीतल्या एका दुकानदार काकांनी हंगामभर चेंडू दिले. त्यांनी गोल्फ कधी पाहिलेलं नाही. विदर्भाने रणजी जिंकली, दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक आणला, मग यातही कोणीतरी निघायला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

मार्चअखेर टूर थांबली, ती पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू होणार होती. मी घरी आलो आणि बाबांनी घरामागचं अंगण दाखवलं. त्यांनी सुतळी बांधून वीस फूट लांब आणि आठ फूट रुंद जागा आखून ठेवली होती. "इथं ग्रीन करू."

ज्या माणसाने आयुष्यभर तेलकट वाळूवर रूळ फिरवला, त्याने आता मुलासाठी गवताचं ग्रीन बांधायला घेतलं. टूरवरच्या एका मैदानाच्या क्युरेटर साहेबांना मी फोनवर सगळं विचारून घेतलं. शास्त्र असं आहे की खाली १० सेंटिमीटर खडी आणि तिच्यावर ३० सेंटिमीटर वाळूचा थर हवा, म्हणजे पाणी मुळाशी थांबूनही राहतं आणि जास्तीचं खाली निघूनही जातं. काळ्या मातीत हे होत नाही. ती पाणी धरून बसते आणि सुकली की फाटते. म्हणून सव्वा फुटापेक्षा खोल खणून सगळी माती काढली. एप्रिलच्या उन्हात पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी. खडी आली, कन्हानची रेती आली. ती रेती बाबांनी तीन वेळा धुतली आणि चाळली. चाळण तीच, ब्राउनची. वर थोडं कुजलेलं शेणखत. हैदराबादहून ओळखीच्या माळीभाऊंनी टिफ-ड्वार्फ या बर्म्युडा गवताच्या काड्या ओल्या गोणीत गुंडाळून दिल्या, त्या एकेक करून टोचल्या.

मला भीती होती ती मे महिन्याची. पारा ४५ च्या वर जातो, नवतपा सुरू झाला की दुपारी रस्ते ओस पडतात. आईने तर सांगूनच टाकलं की हे गवत जगत नाही. पण बर्म्युडाला ऊनच लागतं. ते थंडीत झोपतं आणि उन्हाळ्यात वाढतं, फक्त पाणी वेळेवर हवं. घरच्या मोटरचं पाणी दिवसातून दोनदा, मोजून. मेच्या शेवटी काड्या जमिनीला धरून पसरायला लागल्या, आणि मृगाचा पाऊस पडला तसं सगळं भरून आलं. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उकिडवे बसायचे आणि तणाचं एकेक पातं उपटायचे.

कापायला भंगारातून एक हाताने ढकलायचं, फिरत्या पात्यांचं जुनं यंत्र मिळालं. स्पर्धेत ग्रीन तीन-चार मिलिमीटरवर कापतात. आम्हाला पाचच्या खाली जाता आलं नाही. रूळ म्हणून सिमेंट भरलेला पाइप. वेग मोजायला खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा उतार केला. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन माणसाने १९३५ मध्ये असंच साधं साधन काढलं होतं : ठरलेल्या उंचीवरून चेंडू सोडायचा आणि किती फूट गेला ते मोजायचं. आमचं ग्रीन जेमतेम आठ फूट भरलं. टूरवर साधारण दहा असतं. तरी बाबा तो आकडा शेजाऱ्यांनाही सांगायचे.

वीस फुटांत लांब पटांचा सराव होत नाही. पण मला तो नकोच होता. जगातले उत्तम व्यावसायिकसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट आत घालतात. माझं नुकसान होत होतं ते तीन ते सहा फुटांत. बाबांनी ग्रीनच्या एका कोपऱ्याला मुद्दाम थोडा उतार दिला होता, तिथे मी जुलै-ऑगस्ट घालवला. चमक कुठून दिसते, काळपट कुठून, हे घरच्या अंगणात रोज पाहून डोळ्यांत बसलं. वस्तीतली कॅडीची मुलंही यायला लागली. त्यांच्यातल्या एकीचा हात इतका मऊ आहे की मी तिचा पट मारण्याचा ताल पाहत बसतो.

बाबा त्या मुलांना दोन नावं नेहमी सांगतात. एक अली शेर, दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा. दुसरे एस. एस. पी. चौरसिया, ज्यांचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबात मैदान राखायचे. त्यांनी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. १८२९ मध्ये स्थापन झालेल्या, ब्रिटनबाहेरच्या सर्वांत जुन्या क्लबातल्या माळ्याचा मुलगा. बाबांना हे सांगताना मी किती वेळा ऐकलं आहे, आणि तरी दर वेळी ऐकतो.

हंगामाचा दुसरा भाग जमशेदपूरला सुरू झाला. जमीन ओली होती, फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर, चेंडू उचलून पुसून ठेवायची परवानगी होती. इथे काळ्या मातीची शिकवण कामाला आली. ओल्यात सगळ्यांचे फटके जड पडत होते, माझे नाही. पहिल्या दिवशी ७१. दुसऱ्या दिवशी अठराव्या होलवर पाच फुटांचा पट उरला, डावीकडून उजवीकडे, चमक माझ्याकडून होलकडे. हळू मारला. आत गेला. ७२. मग पुन्हा त्या तीन-चार तासांची वाट. संध्याकाळी यादी लागली तेव्हा माझं नाव रेषेच्या वर होतं, एका फटक्याने. मी आधी आईला फोन केला, कारण बाबांनी "ग्रीन कसं हाय" असंच विचारलं असतं आणि मला त्या क्षणी नीट सांगता आलं नसतं.

त्यानंतरही एक कट गेला, एक मिळाला. सगळ्यांत चांगला आठवडा शेवटचा, नवा रायपूरला. तळ्यांच्या काठचं मोठं मैदान, दुपारी पाण्यावरून वारा येतो. बाबा आले होते, नागपूरहून सकाळच्या गाडीने. त्यांनी पहिल्यांदा मला टूरवर खेळताना पाहिलं. दोरीबाहेरून ते खेळ कमी आणि ग्रीन जास्त बघत होते. दुसऱ्या होलवर तर तिथल्या माळ्याशी बोलत थांबले ते चौथ्यावर येऊन भेटले. मी बरोबरीत बारावा आलो. बक्षीस बँकेत आलं, कर कापून, आणि त्यात त्या आठवड्याचा सगळा खर्च निघून थोडे उरले. हंगामाचा एकूण हिशेब अजून तोट्यातच आहे. आईच्या वहीत तो ओळीने लिहिलेला आहे.

आता पुढे पीजीटीआयचं क्वालिफाइंग स्कूल. तिथे ग्रीन आमच्यापेक्षा वेगवान असणार, म्हणून अंगणातल्या यंत्राची पाती नव्याने धार लावून आणली आहेत. चार मिलिमीटरवर कापायचा विचार आहे, गवताने साथ दिली तर. आमच्या टूरच्या दुसऱ्या हंगामाचे अर्जही सुरू झालेत आणि पहिली स्पर्धा पुन्हा हैदराबादलाच आहे. नागपूर, कामठी, अमरावती, चंद्रपूर, कुठूनही कोणी येणार असेल तर आधी कळवा. खोली तिघांत घेतली तर निम्म्याहून कमी खर्च येतो, आणि सराव फेरीला मी तुमच्यासोबत चालेन. ब्राउनवर शिकलेले असाल तर अंगण सकाळी सहापासून उघडं असतं. फक्त चपला बाहेर काढून या, बाबा त्याबाबत ऐकत नाहीत.